चोवीस नटांचं झाकण

१

बंदरातली माणसं त्याला आठ्यासाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे. कपाळावर तीन आठ्या घेऊन तो जहाजाची शिडी चढायचा आणि उतरताना त्या पाच झालेल्या असायच्या. काम जहाजांची यंत्रं तपासायचं: पंप, झडपा, बॉयलर, टाक्या, आगीचे नळ. त्याची सही झाल्याशिवाय जहाजाला बंदर सोडता येत नसे, आणि ती सही तो अशी करायचा, जणू समोरच्याच्या झोळीत शिळा तुकडा टाकतोय.

तीस वर्षांच्या नोकरीत त्याचं एक मत पक्कं झालं होतं. लोखंड खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. कप्तान म्हणजे टोपी घातलेला कारकून. चीफ इंजिनियर म्हणजे खुर्ची ऊबदार ठेवणारा म्हातारा. आणि खलाशी म्हणजे हातात रंगाचा डबा दिला की गंजावरच रंग फासणारी जमात. जहाजावर गेल्यावर तो आधी इंजिनाकडे बघतच नसे. चिंध्यांच्या डब्यात डोकावायचा. चिंध्या तेलानं ओल्या असल्या की समजायचं, तपासायला सर्वेयर येणार म्हणून आज सकाळी घाईघाईनं पुसापुशी झालीय. डबा बहुधा भरलेलाच असे. त्याचं त्याला फार समाधान वाटे.

याही जहाजावर डबा भरलेला होता. तेवीस वर्षांचं मालवाहू जहाज, पाच वर्षांनी एकदा होणारी मोठी तपासणी, हाताशी दोन दिवस. सगळं नेहमीचंच. फक्त इथला सेकंड इंजिनियर आठ्यासाहेबाचा जावई होता, आणि हे जहाजावर कुणालाच माहीत नव्हतं.

नियमाप्रमाणे त्यानं हे काम घ्यायलाच नको होतं. पण त्यासाठी कचेरीत जाऊन 'तो माझा जावई आहे' असं चारचौघांत म्हणावं लागलं असतं, आणि ते त्याच्या जिवावर आलं होतं. एकुलती एक लेक, शिकलेली, हुशार. तिनं पसंत काय केलं, तर हा. जाडा, मऊ, कुणी काही बोललं तरी हसणारा. पंपाला धक्का लागला तर पंपाची माफी मागेल असा. त्यात ती बोलण्याची खोड. कुठलंही वाक्य 'म्हणजे कसंय ना' केल्याशिवाय सुरूच व्हायचं नाही. आठ्यासाहेब तिथंच त्याला तोडायचा. "कसंय ते राहू दे, काय आहे ते सांग."

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि जावयाचं एकही वाक्य सासऱ्यानं पुरतं ऐकलेलं नव्हतं.

जहाजावर जावई त्याला सगळ्यांसमोर 'साहेब' म्हणाला. ओळख दाखवली नाही. ही समजूतदारपणाची गोष्ट होती, पण आठ्यासाहेबाला तीही भेकडपणाचीच वाटली.

२

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं सतरा दोष काढले. कंट्रोल रूममध्ये अठरावा सापडला. धोक्याच्या दिव्यांच्या फळीवर एका दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. त्यानं नखानं ती सोलून काढली. खाली दिवा लाल पेटलेला.

हा दिवा कोरड्या कप्प्याचा होता. इंजिनरूम आणि मालाचं कोठार यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी ठेवलेली असते. तिच्यात ना तेल, ना पाणी, ना माल. तिचं तोंड लोखंडी झाकणानं, चोवीस नट आवळून बंद केलेलं. पाच वर्षांत एकदा उघडायचं, आत नजर टाकायची, पुन्हा बंद. दिवा पेटला याचा अर्थ आत पाणी शिरलंय.

चीफ म्हणाला की दिवाच बिघडलाय, तीन महिने झाले असाच पेटतो, कप्पा मात्र कोरडा ठणठणीत आहे, वहीत रोजची नोंद आहे. आठ्यासाहेबानं वही उघडली. नव्वद दिवसांच्या नव्वद नोंदी एका शाईनं, एका बैठकीत लिहिलेल्या. कुणीही मापायला गेलेलं नव्हतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तो चीफकडे बघून नुसता हसला. त्याचं हसणं शिवीपेक्षा वाईट होतं.

कप्प्यात पाणी आहे का हे बघायला वरून एक नळी तळापर्यंत सोडलेली असते, मनगटापेक्षाही बारीक. तिच्यातून पोलादी पट्टी खाली सोडायची. पट्टीच्या टोकाला पितळी वजन, वजनाला पिवळी पेस्ट. पाणी लागलं तर पेस्ट लाल होते. मापायला जावई आला. पेस्ट लावताना त्यानं नळीच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

पट्टी खाली गेली, तळाला टक् वाजली, वर आली. वजनावर पेस्ट पिवळी नव्हती. लालही नव्हती. पेस्टच नव्हती. पितळ पुसून लख्ख झालेलं.

"नीट लावता येत नाही का?" आठ्यासाहेब म्हणाला आणि वजन स्वतःच्या हातात घेतलं. बोटानं दाबून जाड थर लावला, पट्टी स्वतः सोडली. टक्. खाली क्षणभर पट्टी जड झाली, जसं पाण्यातल्या गळाला काही हुंगून जावं तशी. त्यानं ती ओढून घेतली.

थर या वेळी शाबूत होता. फक्त मधोमध एक अंगठा उमटलेला होता. रेषांसकट.

तो आपलाच, लावताना उमटलेला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग आपला अंगठा शेजारी धरून बघितला. त्याचा अंगठा रुंद होता. हा लांबट होता, आणि रेषा सरळ होत्या, एकही वळण नसलेल्या.

जावई हळूच म्हणाला, "म्हणजे कसंय ना, बाबा, आम्ही म्हणूनच..."

"थट्टा चाललीय माझी," आठ्यासाहेब म्हणाला. "उद्या सकाळी झाकण उघडा. मी आत जाणार."

त्यानं चिंधी घेऊन वजन पुसलं. ती चिंधी मात्र त्यानं डब्यात टाकली नाही. बाहेर जाऊन समुद्रात फेकली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला झाकण उघडलं. तासभर पंख्यानं आत ताजी हवा सोडली, यंत्रानं ऑक्सिजन मोजला, सगळं नियमानं. झाकणाशी पहारेकरी म्हणून फिटर बसला; आत जाणाऱ्यांची नावं पाटीवर खडूनं लिहायची आणि बाहेर आले की खोडायची एवढंच त्याचं काम. मुका वाटावा इतका कमी बोलणारा माणूस. त्यानं दोन नावं लिहिली. आठ्यासाहेबाच्या मागोमाग जावई भोकातून उतरला.

आत उभं राहता येत नव्हतं. कप्प्याचे सहा खण होते. दोन खणांमध्ये लोखंडी भिंत आणि भिंतीत गुडघ्यावर रांगत जाण्याएवढं भोक. बाहेर इंजिनरूमची घरघर चालू होती, पण पहिल्या भोकातून पलीकडे गेलं की ती एकदम थांबली, जसं कुणी दार लोटून घ्यावं. कोरडा, जुन्या धुळीचा वास. पाण्याचा टिपूस नाही.

तिसऱ्या खणात मापायच्या नळीचं खालचं तोंड होतं. आठ्यासाहेबानं बॅटरीचा उजेड टाकला. सगळीकडे धूळ बोटभर, पण नळीखाली हातभर जागा स्वच्छ. नुसती झाडलेली नव्हे. बसून बसून पॉलिश झालेली. देवळाच्या पायरीसारखी. भिंतीलाही एक गुळगुळीत डाग होता, पाठ टेकण्याच्या उंचीवर.

बुद्धी धावून आली. नळीतून वारा येत असेल. जहाज हलतं, धूळ सरकते. मागच्या खेपेचा कुणी कामगार इथं जेवायला बसला असेल. तिन्ही कारणं त्यानं एका दमात काढली आणि तिन्ही त्याला स्वतःलाच खलाशांच्या सबबींसारखी वाटली.

शेवटचा, सहावा खण बघायचा राहिला होता. पाचव्या खणात पोचल्यावर त्यानं भोकातून बॅटरी टाकली. उजेड आत गेला तो गेलाच. समोरच्या भिंतीवर पडलेला दिसला नाही. खण दोन हात रुंद होता, हे नकाशात स्वच्छ लिहिलेलं होतं.

इथं आठ्यासाहेबाचे गुडघे पुढे सरकेनात. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ही गोष्ट मागच्या माणसाला कळू नये म्हणून त्यानं तेच केलं जे तो नेहमी करत आला होता.

"जावईबापू," तो म्हणाला, "तुम्ही जा. बघून या. का, भीती वाटते?"

"म्हणजे कसंय ना, बाबा," जावई म्हणाला, "तिथं कुणीतरी आधीच बसलंय असं वाटतंय मला."

"माझ्या लेकीच्या नशिबी हे आलं," आठ्यासाहेब म्हणाला. एवढंच. मोठ्यानंही नाही.

जावयानं बाह्या खाली ओढून घेतल्या. तो त्याला ओलांडून पुढे सरकला, आपलं जाड अंग मुडपून भोकातून आत गेला. बुटांचे तळवे दिसले, मग तेही नाहीत.

मिनिटभर काही ऐकू आलं नाही. मग कपडा कपड्याला घासल्याचा आवाज, एकदाच. जसं बाकावर बसलेल्यानं सरकून जागा करून द्यावी.

जावई परत आला तो सरळ, न अडखळता, भोकाला अंग न लागू देता.

"कोरडं आहे, साहेब," तो म्हणाला. "काही नाही."

४

बाहेर आल्यावर फिटरनं दोन नावं खोडली. जावयाला घाम कसा नाही, असा एक विचार आठ्यासाहेबाच्या मनात आला, पण त्याचा स्वतःचाच सदरा पिळून काढण्याजोगा झाला होता आणि त्याला लौकर उजेडात जायचं होतं. झाकण बसवलं. फिटर नट आवळू लागला. चीफनं त्याला हाक मारली तेव्हा पाचसहा नट राहिले होते. ते आवळायला जावयानं पान्हा घेतला.

दोघंच उरले. आठ्यासाहेब आधाराला झाकणावर हात टेकून उभा होता. म्हणून ते त्याला आधी तळव्यात जाणवलं आणि मग ऐकू आलं. आतून, दूरवरून, धापा टाकत:

"बाबा... म्हणजे कसंय ना, बाबा..."

त्यानं मान वर केली. समोर जावई पान्हा फिरवत होता. हात एकसारखा चाललेला. ओठ मिटलेले.

"काही ऐकलंत का, साहेब?" जावयानं विचारलं. आजूबाजूला कुणी नसताना तो 'साहेब' म्हणाला होता. आणि बघत होता तो असा, जसा आठ्यासाहेब आजवर चिंध्यांच्या डब्याकडे बघत आला होता.

या क्षणी आठ्यासाहेबानं काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. पान्हा हिसकावून घ्यायचा, आरडाओरडा करायचा, माणसं गोळा करायची. पण ओरडून सांगणार काय? की जावई आत राहिला आणि जावई हा इथं उभा आहे? त्या कारकुनासमोर, त्या म्हाताऱ्यासमोर? तीस वर्षं ज्यांची अक्कल काढली त्यांच्यासमोर आपली गेली असं कबूल करायचं?

"इंजिनरूममध्ये कायकाय वाजत असतं," तो म्हणाला.

शेवटचा नट आवळला गेला. तो वर गेला, चहा नको म्हणाला, आणि अठराव्या दोषापुढे लिहिलं: कप्पा तपासला, कोरडा, समाधानकारक. खाली सही. जहाज दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सुटणार होतं.

५

सकाळी सातला लेकीचा फोन आला. ती सहसा रविवारीच करायची, आणि हा रविवार नव्हता.

तिनं विचारलं, की तुम्ही त्याला काही बोललात का? आठ्यासाहेबानं उलट विचारलं, की कुणाला? ती म्हणाली, काल संध्याकाळी त्याचा फोन आला होता. छान बोलला. सगळ्यांची विचारपूस केली, तुमची पण केली. वाक्यं कशी एकदम शुद्ध, न अडखळता. एकदाही हसला नाही.

"मी त्याला विचारलं, जेवलास का," लेक म्हणाली, "तर तो म्हणाला, 'त्याला किती वेळ लागतो?' बाबा, मला त्याचा अर्थच लागला नाही."

आठ्यासाहेबानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला तो कधी आवडला नाही, मला माहितीये," ती म्हणाली. "पण मला तो तसाच हवा होता. तुम्ही त्याला काय केलंत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. फोन ठेवून तो पलंगावरून उठला. मग बूट घातले. जन्मात पहिल्यांदा त्याला एखाद्या जहाजावर जायची घाई झाली होती.

६

कप्तानानं त्याला उभंच ठेवलं. तुम्हीच सही केलीत, आता तुम्हीच उघडा म्हणता, अर्ध्या दिवसावर जहाज सुटायचंय, काही कारण? आठ्यासाहेब म्हणाला, "चूक माझी आहे. मी शेवटचा खण बघितला नाही. बघितला असं खोटं लिहिलं." चीफ कोपऱ्यात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला दुसरा शब्द नाही, ते सुख होतं. कप्तानानं घड्याळ बघितलं आणि तासभराची मुभा दिली. माणसं मात्र मिळणार नाहीत, इंजिन तयार करायचंय. सेकंड इंजिनियर झाकण उघडून देईल.

सेकंड नको, फिटर द्या, असं त्यानं म्हणून बघितलं. मग फिटरलाच गाठलं. फिटरनं मान हलवली.

"काल वर आल्यावर सेकंडसाहेबांना मी पाण्याचा ग्लास दिला," तो म्हणाला. "हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. मी माझा ग्लास प्यायलो, ते बघितलं, मग प्यायले. मी त्या झाकणापाशी येणार नाही, साहेब." एवढं बोलून त्यानं आपली मोठी बॅटरी काढून आठ्यासाहेबाच्या हातात दिली. जहाजावरच्या कुठल्याही माणसानं त्याला मनापासून दिलेली ती पहिलीच वस्तू असावी.

खाली झाकण आधीच उघडलेलं होतं. जावई शेजारी पान्हा घेऊन उभा. सगळे नट त्यानं एका ओळीत, सारख्या अंतरावर मांडून ठेवले होते. पाटी कोरी होती.

"नाव लिही," आठ्यासाहेब म्हणाला.

"कशाला?" जावई म्हणाला.

अजूनही मागे फिरता आलं असतं. वर उजेड होता, माणसं होती, एक घर होतं. त्याला स्वतःचा फार तिटकारा आला. इतका, की त्यापुढे भीती लहान झाली. तो भोकातून आत उतरला.

पहिला खण. दुसरा. तिसऱ्यातली ती गुळगुळीत जागा त्यानं अंग चोरून ओलांडली. चौथा. पाचव्यात थांबून त्यानं हाक मारली. जावयाला त्यानं आजवर नावानं हाक मारलेली नव्हती. 'अहो', 'जावईबापू', 'तो', 'हा', असंच चालत आलेलं. आज लेक घरात ज्या लाडक्या नावानं हाक मारायची तेच त्याच्या तोंडून निघालं.

पलीकडून कुणीतरी नाक ओढलं. रडून झालेल्या माणसासारखं.

तो आत शिरला. मोठ्या बॅटरीचा उजेडही थोडाच पोचत होता, पण तेवढ्यात त्याला बुटांचे तळवे दिसले, मग नारिंगी बॉयलरसूटची जाड पाठ. जावई गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता. आठ्यासाहेबानं खांद्याला हात लावला. खांदा उबदार होता, हलत होता, माणसाचा होता.

"मी आलोय," तो म्हणाला. "मी चुकलो. चल, घरी चल. ती वाट बघतेय."

जावयानं मान फिरवली नाही. तो इतकंच म्हणाला, "बॅटरी बंद करा, बाबा. शेजारी बघू नका."

आठ्यासाहेबानं बघितलं. बॅटरी किंचित डावीकडे वळली आणि जावयाच्या पलीकडे, पाठीला पाठ लावल्यासारख्या, अशाच बसलेल्या आणखी पाठी दिसल्या. किती ते कळलं नाही. रांग उजेडापलीकडे गेली होती. सगळ्यात अलीकडची पाठ वळत होती, सावकाश, आणि तिच्यावर आठ्यासाहेबाचाच सदरा होता.

मागे, पाच खणांपलीकडे, झाकणाच्या भोकातून येणारा उजेड निमूटपणे बारीक होत गेला.

७

जहाज दोनला वेळेवर सुटलं. त्याआधी पावणेदोनला सर्वेयर शिडी उतरताना बऱ्याच जणांनी बघितला. चीफशी त्यानं हात मिळवला म्हणे, आणि कप्तानाचे आभार मानले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला थांबून विचारलं, पोरंबाळं बरी आहेत ना. पहारेकरी बावीस वर्षं त्या फाटकावर होता आणि आठ्यासाहेबानं त्याला आजवर साधी मान डोलावली नव्हती. म्हातारा सुधारला, असं तो दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला. कुणाला वाईट वाटायचं काही कारणच नव्हतं. कचेरीत, बंदरात, जहाजांवर, सगळ्यांना हा माणूस आधीच्यापेक्षा बरा वाटला, आणि तो तसाच राहावा अशी प्रत्येकाची इच्छा होती.

साडेतीनच्या सुमारास लेकीच्या दाराची बेल वाजली. तिनं दाराच्या काचेच्या बारीक भोकातून बघितलं. बाप उभा होता. हात अंगाशी सरळ, नजर थेट भोकावर, जणू तिचा डोळा त्याला पलीकडून दिसत होता.

"कोण?" तिनं उगाचच विचारलं.

"तुझा नवरा चांगला माणूस आहे," बाहेरून आवाज आला. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. "तू योग्य निवड केलीस. मी चुकलो होतो."

तीन वर्षं ती हे एक वाक्य ऐकायला थांबली होती. स्वयंपाकघरात, वाढदिवसांना, आईच्या आजारपणात, आई गेल्यानंतरही. आता ते आलं होतं, आणि ती कडीवर हात ठेवून उभी होती, आणि का कुणास ठाऊक, तिच्या दंडावर काटा उभा राहिला होता. आज सकाळी फोनवर आपणच बोललो, ते बाबांना लागलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणसं बदलतात. म्हातारपणी तर बदलतातच.

बाहेर बाप वाट बघत होता. घाई नव्हती त्याला.

तिनं डोळे पुसले आणि दार उघडलं.